फायनलला माझे फक्त चार गुण

प्रिय ताई,

मी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सातवीपासून बास्केटबॉल खेळते. गेल्या वर्षीपर्यंत कॉलेजच्या संघात सगळ्यात जास्त गुण माझे असायचे, एका सामन्यात पंधरा-अठरा तरी. यंदा नवे सर आले आणि त्यांनी मला पहिल्या पाचातून काढलं. आता मी बाकावरून आत जाते. आत पाठवताना सर सांगतात, शॉट मारायची घाई करू नको, त्यांच्या सगळ्यात चांगल्या मुलीला धरून ठेव, रिबाउंड काढ, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकड. गेल्या महिन्यात आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकलो. फायनलला माझे फक्त चार गुण. सगळ्या मुली कोर्टवर नाचत होत्या आणि मी कडेला बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. पप्पा माझ्या प्रत्येक सामन्याचे गुण एका वहीत लिहितात. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी वही उघडलीच नाही. त्यात सर म्हणतात, डाव्या हाताचा लेअप (धावत येऊन बास्केटजवळ उडी मारून टाकायचा शॉट) शिक. विसाव्या वर्षी आता काय नवीन शिकणार? जिंकूनही मला जिंकल्यासारखं वाटत नाही, आणि तसं वाटत नाही याचीच लाज वाटते. खेळ सोडून अभ्यासाला लागू का?

– नऊ नंबर

प्रिय नऊ नंबर,

आधी लाजेचं बोलू. ती वाटून घेऊ नकोस. संघ जिंकला आणि आपल्याला आनंद झाला नाही, असं जिच्या बाबतीत कधीच घडलं नाही अशी खेळाडू मला अजून भेटायची आहे. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, सिमेंटच्या कोर्टवर मुलींचे संघ उभे केले, त्याआधी स्वतः विद्यापीठाकडून खेळले. ट्रॉफीच्या फोटोत हसून उभ्या राहिलेल्या आणि परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलेल्या कितीतरी मुली मी बघितल्यात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या सामन्यात आपण नक्की काय केलं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तुझ्याही बाबतीत घोडं तिथेच पेंड खातंय असं मला वाटतं. पत्र पुन्हा वाचून बघ. फायनलला तू काय केलंस ते तू लिहिलेलंच नाहीस. चार गुण केले एवढं लिहिलंस. ज्या मुलीला धरायला तुला आत पाठवलं होतं, तिचे त्या दिवशी किती झाले? एरवी किती होतात? तू आत असताना आपले किती वाढले, त्यांचे किती? यातलं एकही तुझ्या पत्रात नाही. तुला आठवत नसेल असं नाही. हे मोजायचं असतं, हेच तुला कधी कुणी शिकवलं नाही.

म्हणून आज तुला बिल रसेलबद्दल सांगते. नाव ऐकलं असशील, खेळ बघितला नसशील. तुझ्या पप्पांचाही जन्म व्हायच्या आधीचा खेळाडू तो. डिसेंबर 1956 मध्ये, मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकून आल्यावर, तो एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, बॉस्टन सेल्टिक्स या संघाकडून खेळायला लागला आणि 1969 साली थांबला. तेरा मोसम. त्यातल्या अकरा मोसमांत सेल्टिक्स विजेते होते. एनबीएत एवढी विजेतेपदं त्याच्याशिवाय आजवर एकाही खेळाडूच्या नावावर नाहीत. आता या माणसाची सरासरी किती असेल सांग बरं? सामन्याला 15.1 गुण. तुझ्या गेल्या वर्षीच्या आकड्याच्या आसपासच की! कुठल्याही एका मोसमात त्याने एकोणीसची सरासरी गाठली नाही. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, तर जेमतेम छपन्न टक्के जायचे. पप्पांच्या वहीत हा माणूस सामान्यच ठरला असता.

आणि त्याच काळात विल्ट चेंबरलेन खेळत होता. 1961-62 च्या मोसमात विल्टची सरासरी 50.4 गुणांची होती. एका सामन्याची नव्हे, अख्ख्या मोसमाची. त्याच मोसमात, 2 मार्च 1962 ला, त्याने एकट्याने एका सामन्यात शंभर गुण केले. तेव्हा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू खेळाडूच मतं देऊन निवडायचे. जे त्या दोघांच्या समोर रात्रीमागून रात्री उभे राहिले होते, ज्यांच्या डोक्यावरून विल्टने ते गुण केले होते, त्यांनी मत कुणाला दिलं? रसेलला. विजेतेपदही त्या वर्षी सेल्टिक्सलाच मिळालं. वाटेत विल्टच्या संघाशी सात सामन्यांची मालिका झाली आणि सातवा सामना सेल्टिक्सने दोन गुणांनी जिंकला.

विल्टला यात मी कमी लेखत नाही, त्याच्यासारखा खेळाडू पुन्हा झाला नाही. पण ज्यांना खेळ आतून कळत होता त्यांना रसेलमध्ये काय दिसत होतं, ते तुला समजावं एवढीच माझी धडपड आहे.

त्याचा ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, घे. उंच खेळाडूला ब्लॉक करायला मिळाला की तो काय करतो? जोरात फटका मारून बॉल प्रेक्षकांत भिरकावतो. टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात. आणि मग? बॉल बाहेर गेला, म्हणजे पुन्हा त्यांचाच. रसेल डावखुरा होता. समोरचा लेअपला उठला की हा त्याच्या जरासा नंतर उठायचा आणि बॉलला फटका न मारता बोटांनी नुसता टोकायचा, असा की बॉल कोर्टातच राहावा आणि जमलं तर आपल्या माणसाकडे जावा. तिथे त्याचा साथीदार बॉब कूझी नाहीतर के. सी. जोन्स तयारच असायचा. एक पास, दुसरा पास, आणि पलीकडे सोपी बास्केट. तो दोन गुणांचा आकडा ज्याने शेवटी बॉल टाकला त्याच्या नावावर. ज्या बोटांनी ते दोन गुण जन्माला घातले त्यांच्यासाठी त्या काळी कागदावर रकानाच नव्हता. रसेलच्या सगळ्या कारकिर्दीत एनबीएने ब्लॉक मोजलेच नाहीत. त्याने किती केले, ते आज कुणालाच सांगता येणार नाही.

तू शाळेत खो-खो खेळली असशील. आपल्याकडे कोण खेळलेलं नसतं? त्यात कसं असतं बघ. सूर मारून गडी बाद करणारीचं नाव होतं, तिचाच फोटो येतो. पण त्याआधी कुणीतरी अगदी नेमक्या क्षणी खो देऊन पळणारीला खांबाकडे वळवलेलं असतं. तो खो अर्धा क्षण उशिरा पडला असता तर सूर मारूनही हाती धूळच आली असती. हे पाटीवर बसलेल्या सगळ्या मुलींना माहीत असतं. बास्केटबॉलमध्ये मात्र आपण हे विसरतो, कारण तिथे प्रत्येक गुणापुढे नाव लिहिलं जातं.

रसेलला सुरुवातीपासून हे असंच वाटत होतं, तो काही जन्मतः निःस्वार्थी होता, असं समजू नकोस. 1955 साली त्याच्या कॉलेजने, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोने, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी उत्तर कॅलिफोर्नियाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून दुसऱ्याच कॉलेजातल्या खेळाडूची निवड झाली. रसेलला ते लागलं, चांगलंच लागलं. त्या दुखण्यातून त्याने जे ठरवलं ते पुढे आयुष्यभर सांगितलं: वैयक्तिक बक्षीस म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी मत, ते माझ्या हातात नाही, सामना कोण जिंकलं हे मात्र कुणाच्या मतावर ठरत नाही. तेव्हापासून आपल्यामुळे आपला संघ किती जिंकतो यावर त्याने स्वतःला मोजायला घेतलं. तू नाड्या सोडत बसलीस ना, तो तुझा 1955 चा क्षण आहे असं मी धरून चालते.

बाकाबद्दलही बोलायला हवं, कारण पत्रात तू 'काढलं' हा शब्द वापरलास. पहिल्या पाचातून काढलं. सेल्टिक्सचे कोच रेड आवरबाख. त्यांनी मुद्दाम एक चांगला खेळाडू सुरुवातीला बसवून ठेवायची पद्धत पाडली. फ्रँक रॅम्झी हा तो खेळाडू. सामना सुरू होऊन काही मिनिटं गेली की दोन्ही संघांचे पहिले पाच दमायला लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्यांचे दुय्यम खेळाडू उतरत असताना इकडून ताजातवाना रॅम्झी उतरायचा. 'सिक्स्थ मॅन', म्हणजे सहावा खेळाडू, हा शब्द आज सगळे वापरतात, त्याचं मूळ तिथे आहे. रॅम्झीला सात विजेतेपदं मिळाली आणि पुढे हॉल ऑफ फेममध्येही, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं. त्याच्यानंतर ती जागा जॉन हॅवलिचेकने घेतली आणि तो तर सेल्टिक्सच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक झाला. सामना कोण सुरू करतं त्यापेक्षा शेवटच्या पाच मिनिटांत कोर्टवर कोण असतं, हे जास्त बघण्यासारखं असतं. फायनलच्या शेवटच्या पाच मिनिटांत तू आत होतीस की बाहेर? आठव.

आता तुझ्या सरांची बाजू. ती मी जरा जड मनाने मांडते, कारण त्यांच्या जागी मी उभी राहिले आहे आणि चुकले आहे. माझ्या संघात एक मुलगी होती, नववीतली, तुझ्यासारखीच गुण करणारी. एका स्पर्धेआधी मी तिला पहिल्या पाचातून बाजूला केलं. माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता: समोरच्या संघाची एक उंच मुलगी होती आणि दुसऱ्या सत्रात तिला आवरायला मला हीच ताजी हवी होती. संघात दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं, म्हणून ही. पण मी हे तिला सांगितलंच नाही. मला वाटलं, तिला कळेल. आम्ही जिंकलो. पुढच्या सोमवारी ती सरावाला आली नाही, त्यानंतरही आली नाही. तिच्या आईने नंतर सांगितलं, तिला वाटलं मॅडमना मी नकोशी झाले. आज ती दोन मुलांची आई आहे, कधी बाजारात भेटते, गोड बोलते. तिच्या हातातला बॉल माझ्या न बोलण्यामुळे गेला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा सर तुला नकोशी समजतात असा निष्कर्ष त्यांच्या गप्प राहण्यावरून काढू नकोस. जाऊन विचार. फक्त 'मला का काढलं' असं विचारू नकोस, त्याला उत्तर म्हणून समजूतच मिळते. असं विचार: "सर, मी आत जाते तेव्हा तुम्हाला माझ्याकडून नक्की काय हवं असतं? ते मला जमतंय का, हे तुम्ही कशावरून ठरवता?" आणि हेही विचार: "शॉट घ्यायचा नाही की घाईचा घ्यायचा नाही?" तू पत्रात लिहिलंस 'घाई करू नको', आणि वागतेस मात्र 'शॉटच मारू नको' असं ऐकल्यासारखी, अशी मला शंका आहे. चार गुणांचं कारण थोडं तिथेही असेल. मोकळा शॉट सोडून दिलेली खेळाडू संघाच्या काही कामाची नसते, तिला कुणी धरतच नाही, आणि तिची मोकळी सुटलेली प्रतिस्पर्धी दुसऱ्या कुणाला तरी जाऊन दाबते.

सरावानंतर, बाकीच्या मुली गेल्यावर विचार. सरांनी नीट उत्तर दिलं, पटलं नाही तरी नीट दिलं, तर मोसम संपेपर्यंत त्यांचं ऐक. पण तुला घालूनपाडून बोलत असतील, किंवा खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने बाजूला ठेवत असतील, तर ती गोष्ट वेगळी आणि ती संघभावनेच्या नावाखाली गिळायची नाही. रसेलनेही गिळलं नाही. 1961 साली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनमध्ये प्रदर्शनी सामना होता. हॉटेलच्या कॅफेत सेल्टिक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना जेवण द्यायला नकार दिला. रसेल आणि त्याचे साथीदार सामना न खेळता निघून गेले. संघासाठी जीव टाकणारा तो हाच माणूस.

पप्पांचं काय करायचं? बाळा, त्यांच्यावर रागावू नकोस. सातवीपासूनची वही ठेवणारा बाप फार थोड्या मुलींच्या वाट्याला येतो. त्यांनी त्या दिवशी वही उघडली नाही, कारण त्यात लिहायचं काय हे त्यांना कळलं नाही. तुला वाईट वाटू नये म्हणूनही उघडली नसेल. ते तू त्यांना शिकव. त्यांना सांग, एनबीए फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार देतात, त्याला 2009 पासून बिल रसेलचं नाव आहे, आणि खुद्द रसेलला तो पुरस्कार कधीच मिळाला नाही. तो पहिल्यांदा दिला 1969 साली, रसेलच्या शेवटच्या फायनलला, आणि मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. वेस्टने सातव्या सामन्यात 42 गुण केले होते, त्याचा तो हक्कच होता. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या मैदानात लेकर्सच्या मालकांनी विजयाची तयारी म्हणून छताला जाळीत हजारो फुगे बांधून ठेवले होते. सेल्टिक्स 108-106 ने जिंकले आणि फुगे वरच राहिले.

एवढं सांगून झालं की वहीत नवे रकाने आखायला लाव. ज्या मुलीला तू धरलंस तिचे गुण किती. तू आत गेलीस तेव्हा स्कोअर काय होता, बाहेर आलीस तेव्हा काय. म्हणजे समज, गेलीस तेव्हा आपण 22-25 असे मागे होतो आणि आलीस तेव्हा 34-29 असे पुढे. तेवढ्या वेळात आपले बारा वाढले आणि त्यांचे चार. त्या आठ गुणांच्या फरकात तुझ्या नावावर शून्य असेल, तरी तो फरक तुझ्या असण्याचा आहे. एका सामन्यात हा आकडा नशिबानेही इकडेतिकडे होतो, सात-आठ सामने सलग लिहिले की बोलायला लागतो. आणि एक रकाना बॉक्स आउटचा. शॉट सुटला की बहुतेक मुली मान वर करून बॉलकडे बघत उभ्या राहतात. तू तेव्हा बॉलकडे पाठ न फिरवता, जिला धरलंय त्या मुलीला शोधायचं, गुडघे वाकवायचे, कंबर तिच्या मांडीला टेकवून पाठीने तिला अडवून धरायचं. बॉल मग तुझ्या हातात येवो नाहीतर तुझ्या मैत्रिणीच्या, तो आपला झाला. रिबाउंड मैत्रिणीच्या नावावर लागेल. पप्पांच्या वहीत तुझ्या नावावर लागू दे. गॅलरीत बसून हे बघायला त्यांना फार आवडेल, कारण गुण तर सगळेच बघतात.

आता शिकण्याचं. 'विसाव्या वर्षी आता काय नवीन शिकणार' हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. अख्ख्या पत्रात एवढं एकच वाक्य मला खोडून काढावंसं वाटलं.

ओकलंडच्या मॅक्लाइमंड्स हायस्कूलमध्ये रसेल ज्युनिअर संघात होता तेव्हा संघाकडे जर्सी होत्या पंधरा आणि हा होता सोळावा. पंधरावी जर्सी त्याच्यात आणि आणखी एका मुलात वाटून दिलेली. एका सामन्याला हा घालणार, पुढच्याला तो. ज्याची पाळी नसेल तो प्रेक्षकांत बसणार. कोच जॉर्ज पॉवेल्स यांनी त्याला काढून टाकलं नाही, एवढंच त्याचं भाग्य. तुझा बाक निदान कोर्टच्या कडेला आहे.

पुढे 1952 साली, शाळा संपल्यावर, शाळकरी खेळाडूंच्या एका संघाबरोबर तो बसने सामने खेळत पार कॅनडापर्यंत गेला. तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा, धडपडणारा पोरगा. बसमध्ये डोळे मिटून तो साथीदारांच्या चाली मनात पुन्हा पुन्हा चालवून बघायचा. एका मुलाचे आक्रमणातले डाव त्याला फार आवडायचे, पण ते स्वतःला करून बघताना चित्र कुठेतरी तुटायचं. मग त्याने चित्र उलटं केलं. तो मुलगा डाव टाकतोय आणि आपण आरशातल्या सावलीसारखे त्याच्यासमोर हलतोय, असं बघायला सुरुवात केली. हे चित्र मात्र तुटलं नाही. जमत नसलेल्या आक्रमणातून त्याला त्याचा डिफेन्स सापडला. त्या काळी कोच सांगायचे, डिफेन्स करताना पाय जमिनीवरून सोडायचा नाही. हा पोरगा उडायचा. पुढच्या पिढ्यांनी तोच डिफेन्स शिकून घेतला.

आणि हे तरुणपणाचं झालं म्हणशील, तर पुढचं ऐक. 1966 साली आवरबाख बाजूला झाले आणि रसेल खेळाडूही राहिला आणि कोचही झाला. एनबीएत त्याआधी एकही कृष्णवर्णीय मुख्य कोच झालेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. पहिल्याच वर्षी सेल्टिक्स हरले, फिलाडेल्फियाकडून, पाच सामन्यांतच. तोवर नऊ विजेतेपदं त्याच्या खिशात होती. तो अडून बसू शकला असता. पण स्वतः खेळत असताना कोण दमलंय, कुणाला बदलायला हवं, हे एकट्याला दिसत नाही, हे त्याने मान्य केलं आणि पुढच्या मोसमात संघातल्या जुन्या खेळाडूंची मदत घेतली. 1968 साली त्याच फिलाडेल्फियाविरुद्ध ते 3-1 असे मागे पडले आणि तिथून सलग तीन सामने जिंकून वर आले. एनबीएत असं तोपर्यंत कुणी केलं नव्हतं. त्या वर्षीचं आणि पुढच्या वर्षीचंही विजेतेपद त्यांचंच. तेहतिसाव्या वर्षी, नऊ वेळा जिंकलेला माणूस नवी गोष्ट शिकायला बसला. तू वीस वर्षांची आहेस आणि तुला फक्त डाव्या हाताचा लेअप शिकायचा आहे.

तो असा शिक. आधी बॉल घेऊच नकोस. डाव्या बाजूने तीन पावलं चाल आणि उजव्या पायावर उड, डावा गुडघा वर. तुझं घोडं इथेच अडणार आहे. हात कच्चा वाटतो पण खरी सवय पायांची मोडायची असते, कारण इतकी वर्षं तू डाव्या पायावर उडत आलीस. दोन-तीन दिवस नुसते पाय. मग बॉल घे, ड्रिबल नको, उभ्याने बोर्डावरच्या चौकोनाच्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवायचा. फेकायचा नाही, ठेवायचा. मग मायकन ड्रिल: बास्केटखाली उभी राहा, उजवीकडून उजव्या हाताने टाक, जाळीतून पडणारा बॉल जमिनीला लागू न देता झेल, एक पाऊल डावीकडे, डाव्या हाताने टाक, पुन्हा झेल, पुन्हा उजवीकडे. पाच मिनिटं, रोज, सरावाच्या आधी. पहिल्या आठवड्यात बॉल रिंगच्या खालून लागून तुझ्याच तोंडावर येईल, ज्युनिअर मुली बघत असतील, जिवावर येईल. तेवढं सहन कर. दोन महिन्यांत डावा हात उजव्यासारखा होणार नाही, पण तुला धरणारी मुलगी तुझी उजवी बाजू सोडून डावीकडेही बघायला लागेल, आणि ती दोन्हीकडे बघायला लागली की अर्धा वाद मिटला.

खेळ सोडायचा का, हे विचारलंस. परीक्षेसाठी सोडायचा असेल तर वेळापत्रक मांड, पप्पांशी बोल आणि शांतपणे सोड. मी एका शब्दाने अडवणार नाही. पण त्या चार गुणांमुळे सोडायचा असेल तर अजून थांब. ज्या गोष्टी तू अजून मोजल्याच नाहीस, त्यांच्यावरून निकाल लावू नकोस. हा मोसम पूर्ण खेळ, सरांना ते दोन प्रश्न विचार, वही भरू दे. त्यानंतरही मन लागलं नाही तर पुन्हा लिही, तेव्हा सोडण्याबद्दलच बोलू.

आणि एक काम माझं म्हणून कर. फायनलला जिला धरलं होतंस, तिचे त्या दिवशीचे गुण स्पर्धेच्या स्कोअरशीटवर असतील. कॉलेजच्या क्रीडा विभागात त्याची प्रत असते. ती मागून घे, घरी जा, पप्पांना त्या तारखेचं पान उघडायला सांग आणि पहिली ओळ तिच्या गुणांची लिही. तुझे चार त्याच्या खाली.

तुझी,
ताई